मामाचं कार्ड, आत्याचं कार्ड

ग्राफिक्स कार्ड हाही आहेर होऊ शकतो हे ठाऊक असतं, तर उत्तमराव धांड्यांनी पेढे वाटताना तोंड बंद ठेवलं असतं. राजापेठेतल्या ॲनिमेशनच्या क्लासात त्यांची साधना पहिली आली, त्याचे ते पेढे. पण पेढा देता देता माणूस काहीतरी बोलतोच. "पोट्टी आता पुन्याच्या कॉलेजात जातो म्हनते. तिथं एक कार्टूनची फिल्म करून द्या लागते. आमचा कॉम्प्युटर मधीच अडकते, त्याले ग्राफिक्स कार्ड का काय ते लागते म्हनतात," असं काहीसं ते बोलले. एकदा अकोल्याला बोलले, बायकोचा, लीलाबाईंचा, धाकटा भाऊ जानराव याच्या बी-बियाण्याच्या दुकानात. आणि एकदा वरूडला बोलले, बहीण केशरबाईच्या ओसरीवर, तिचे यजमान पुंजाराम संत्र्याच्या व्यापाऱ्याशी हुज्जत घालत होते तेव्हा.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सकाळी अकोल्याहून लाल खोकं आलं आणि दुपारी वरूडहून हिरवं. लाल खोक्यात मामाचं कार्ड, हिरव्यात आत्याचं. दोन्ही वेगळ्या कंपन्यांची, आणि त्या कंपन्यांचं एकमेकींशी हाडवैर.

"बाबा, आपल्या मशीनमधी एकच बसते," साधना म्हणाली. "आन खरं सांगू, एकही नसलं तरी फिल्म होते. काम करताना चित्र अडकते, बस तेवढंच. कायची घाई नाई."

मुलगी खरं बोलत होती, म्हणून तिच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

आता, ज्यांना आमच्या वऱ्हाडातलं मानपान ठाऊक नाही ते म्हणतील, एक बसवावं, एक कपाटात ठेवावं, हाय काय अन् नाही काय. बाप्पा, असं नसतं. आहेराचं लुगडं आलं की ते नेसून दाखवावं लागतं. ते पेटीत गेलं आणि देणाऱ्याला समजलं, तर पुढच्या प्रत्येक बारशात, लग्नात आणि तेरवीत त्याचा विषय निघतो. त्यातून उत्तमराव हे जानरावचे जिजाजी आणि पुंजारामांचे साळे, आणि आमच्याकडे बहिणीचा नवरा म्हणजे घरचा जावईच. म्हणजे अकोल्याकडून मान घ्यायचा आणि वरूडकडे द्यायचा. उत्तमरावांच्या लग्नात मानाचा शेला आधी कोणाच्या खांद्यावर पडला, यावरून जानराव आणि पुंजाराम यांच्यात जे सुरू झालं होतं ते अजून संपलेलं नव्हतं. समोरासमोर दोघं एकमेकांशी अतिशय गोड बोलत, आणि तेच ऐकवत नसे.

वर्ष दोन हजार सात. कापसाच्या भावानं मान टाकलेली, शेतकऱ्यांसाठी सरकारी पॅकेजची घोषणा झालेली, आणि उत्तमराव ज्या कृषी कार्यालयात वरिष्ठ लिपिक होते तिथे दिल्ली-मुंबईची पथकं पाहणीला येऊन जेवून जात. जानराव तर दुपारभर दुकानात माशा मारत बसे. तरी त्यानं कार्ड आणलं, कारण वरूडवाले आणणार हे त्याच्या कानावर गेलं होतं. संत्र्याचा बहार गळाला असतानाही पुंजारामांनी माणूस नागपूरला पाठवला, कारण अकोलेवाला आणणार हे त्यांच्या कानावर गेलं होतं. दोघांच्याही कानावर घालणारी एकच व्यक्ती होती, पेढे वाटणारी.

आणि दोघांनीही निरोप ठेवला होता: फिल्म पाहायला येतो. साधनाची फिल्म सोमवारी पुण्यात पोचायची होती, त्याला मुदतवाढ नव्हती. रविवारी संध्याकाळच्या ट्रॅव्हल्सनं बापलेकीनं निघायचं, आणि त्याआधी दुपारी दोन्ही पाहुण्यांनी जेवून आपापल्या कार्डाचा पराक्रम पाहायचा, असं ठरलं.

"होते बरोबर," उत्तमराव म्हणाले, आणि चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसू लागले. पथक येवो, पंखा बंद पडो की भाजीत मीठ जास्त होवो, त्यांचं हेच उत्तर आणि हीच कृती असे.

राजापेठेत नितेशचं कॉम्प्युटर जोडायचं दुकान होतं. नितेश गुणी माणूस, फक्त त्याला "होत नाही" हे शब्द उच्चारता येत नसत. त्यानं मशीन उघडून पाहिलं. कार्ड बसायची लांब खाच एकच होती.

"काका, मदरबोर्ड बदला लागते. दोन खाचांचा येते ना. होऊन जाते."

मदरबोर्ड बदलला. जुना बोर्ड लीलाबाईंनी पिशवीत घालून माळ्यावर टाकला, कारण त्या घरात काही फेकत नसत. नव्या बोर्डावर दोन्ही कार्डं बसली, पण इतकी अंगाला अंग लावून की डब्याचं झाकण बसेना. झाकण उघडंच राहिलं. मशीन सुरू केलं तर ते एकदा कण्हलं आणि बसलं.

"एसएमपीएसमधी जोर नाई," नितेश मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याकडे बोट दाखवून म्हणाला. "या दोघाईले पोसायचं म्हनजे मोठा लागते."

मोठा आणला, जुना माळ्यावरच्या त्याच पिशवीत गेला. आता मशीन चालू झालं, मात्र एकाचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्राम, टाकला की दुसऱ्याच्या पडद्यावर अंधार होई. दुसऱ्याचा टाकला की पहिल्याच्या पडद्यावर रंगपंचमी. नितेशनं एकदा लाल आधी टाकून पाहिलं, एकदा हिरवं आधी, एकदा दोन्ही काढून मारुतीच्या फोटोला नमस्कार करून पाहिलं. शेवटी एका दुपारी चमत्कार झाला. लाल कार्डावर मॉनिटर लागला, आणि हिरव्या कार्डाच्या मागच्या भोकातून वायर काढून घरातला मोठा टीव्ही लागला. दोन कार्डं, दोन पडदे, दोन्हीवर चित्र. उत्तमरावांना मनापासून आनंद झाला. असं सुख त्यांना नोकरी पक्की झाली तेव्हाच झालं होतं.

"अवो, पन टीव्ही कोनाच्या कार्डावर हाय?" लीलाबाईंनी दारातून विचारलं.

"वरूडच्या."

"म्हनजे जवायाले मोठा पडदा, आन माह्या भावाले लहान." एवढं बोलून लीलाबाई आत गेल्या आणि त्या दिवशी वरण आळणी झालं.

शेजारी नत्थुजी नावाचे निवृत्त गृहस्थ राहत. ते उघडा डबा पाहायला म्हणून आले आणि कायदा सांगून गेले. "उत्तमराव, हा लोड वाढला. उद्या कोनी तपासाले आलं तं तुमी सरकारी मानूस, नोकरीवर बेतन. मंजुरी घेऊन ठेवा." दुसरा कोणी असता तर हसला असता. उत्तमरावांनी मात्र अर्जाशिवाय कधी पाण्याचा माठही हलवला नव्हता. ते वीज कार्यालयात गेले.

"वाढीव भार कशासाठी?" खिडकीतल्या कारकुनानं विचारलं.

"कॉम्प्युटरमध्ये दोन ग्राफिक्स कार्डं आहेत." कार्यालयात गेले की उत्तमराव पुस्तकी मराठी बोलत.

"व्यवसाय आहे?"

"नाही, घरगुती."

"मग दोन कशाला?"

"एक मेहुण्यांनी दिलं आहे, एक जावयांनी."

कारकुनानं पेन खाली ठेवलं. त्यालाही जावई असावेत. पण नियमांत जावयांसाठी रकाना नव्हता. त्यानं उत्तमरावांना मागच्या टेबलावर पाठवलं, मागच्या टेबलानं वरच्या मजल्यावर, आणि वरच्या मजल्यावरचे साहेब म्हणाले, असली यंत्रसामग्री चालवायची तर नांदगाव पेठच्या औद्योगिक वसाहतीत गाळा घ्यावा. उत्तमराव भर उन्हात परत आले तेव्हा राजापेठेत भारनियमन चालू होतं. ज्या विजेची मंजुरी मागायला गेले होते ती मुळी नव्हतीच.

खरी पंचाईत झाली ती उन्हानं. मे महिन्याचा तो वऱ्हाडी ताप, त्यात दोन कार्डं, त्यात मोठा एसएमपीएस. मशीन तासाभरात असं तापे की साधना त्यावर हात ठेवून लगेच काढून घेई. मग ते आपणहून बंद पडे, आणि फिल्मचं जेवढं काम झालं असेल तेवढ्यावर पाणी फिरे. मुळात फिल्मची चित्रं तयार होऊन एकापाठोपाठ एक साठवली जायची होती. त्याला मशीन सलग चालणं भाग होतं.

"बाबा, दोन्ही काढून टाकू ना," साधना म्हणाली. "जुना बोर्ड लावला तं मुकाट्यानं चालन मशीन."

"आन रविवारी त्याईले काय दाखवू? दोन खोके?"

साधना परत पडद्याकडे वळली. तिनं फिल्म अजून घरात कोणालाच दाखवली नव्हती. पूर्ण झाल्यावर पाहजा, एवढंच म्हणे.

डाव्या अंगाला दाऊदभाई राहत. त्यांचा धंदा कूलर बनवायचा. पत्र्याचा डबा, त्यात पंखा, तीन बाजूंना लाकडाच्या भुशाच्या जाळ्या आणि वरून पाणी सोडायचा पंप. उन्हाळ्यात अर्धी राजापेठ दाऊदभाईंच्या भरवशावर जिवंत राही, आणि त्यांना स्वतःला त्याची पुरेपूर जाणीव होती. ते आले, मशीनला हात लावून पाहिला आणि डॉक्टरसारखी मान हलवली.

"उत्तमभाऊ, सीधी बात हाय. मानूस तापला तं काय करतो आपन? कूलर लावतो. मशीन तापली तं काय कराचं?"

वऱ्हाडात मे महिन्यात हा युक्तिवाद कोणालाच खोडता येत नाही. इथं तापलेल्या नवऱ्याला, बाळंतिणीला, बँकेतल्या मॅनेजरला आणि देव्हाऱ्यातल्या गणपतीला एकच उपाय. उत्तमरावांना तो पटला. नत्थुजींना पटला. नितेशला तर सगळंच पटे. फक्त दाऊदभाईंच्या घरच्या आयशाबी कुंपणापलीकडून म्हणाल्या, "पानी की चीज हाय जी, बिजली के सामने कायको?" पण घरातल्या माणसाचं जेवढं ऐकतात तेवढंच त्यांचंही ऐकलं गेलं.

दाऊदभाईंनी गोदामातला सगळ्यात मोठा कूलर आणला, जो लग्नाच्या मांडवासाठी ठेवलेला असे, आणि उघड्या डब्यासमोर मांडला. कूलर सुरू झाला तशी खोलीतली गरमी पळाली, कॅलेंडर भिंतीवरून पळालं, आणि मशीन खरोखर गार झालं. सगळ्यांनी तिथंच चटई टाकून खरबूज खाल्लं. दुपार छान गेली. तेवढ्यात, दुपारभर मंद दाबानं येणारी वीज एकदम पूर्ण दाबानं आली. कूलरच्या पंख्यानं जोर धरला, आणि पंपाचं पाणी जाळीवरून खाली उतरायच्या ऐवजी सरळ पुढे, दोन्ही आहेरांच्या अंगावर आलं.

आवाज फार मोठा झाला नाही. चट् असं झालं, निळसर उजेड पडला, आणि जळक्या रबराचा वास घरभर पसरला. मॉनिटर आणि टीव्ही दोन्ही एकदम काळे पडले. त्या दोघांत पहिल्यांदाच एकमत झालं होतं.

दाऊदभाईंनी कूलर बंद केला. नितेशनं डबा उलटा करून पाणी ओतलं. कार्डं दोन्ही गेली, नवा बोर्ड गेला, मोठा एसएमपीएसही गेला. "हार्ड डिस्क वाचली असन काका. होऊन..." एवढं म्हणून नितेश आयुष्यात पहिल्यांदा अर्ध्यावर थांबला.

साधना रडली नाही. ती उठली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. ती रडली असती तर उत्तमरावांना बरं वाटलं असतं. दोन माणसांचे मान सांभाळता सांभाळता आपण पोरीचं कॉलेज घालवलं, हे त्यांना त्या क्षणी स्वच्छ दिसलं.

"माळ्यावरची पिशवी काढा," लीलाबाई म्हणाल्या.

जुना बोर्ड परत बसला, जुना एसएमपीएस परत बसला. हार्ड डिस्क खरंच वाचली होती. मशीन पहिल्यासारखं सुरू झालं, पहिल्यासारखंच रखडत. साधनानं फिल्म तयार करायला लावली आणि पंख्याखाली बसून राहिली. भारनियमनात खंड पडू नये म्हणून दाऊदभाईंनी न विचारता आपल्या घरचा इन्व्हर्टर उचलून आणला. आयशाबी त्या उन्हात पदरानं वारा घेत बसल्या, पण एका शब्दानं बोलल्या नाहीत. जे बोलायचं ते त्या आधीच बोलल्या होत्या.

रविवारी फाटकाशी पुंजारामांची जीप थांबली तेव्हा शेवटची चित्रं निघत होती. नितेशनं सीड्या भरल्या. एक पुण्याची, एक घरची.

पण पाहुण्यांना दाखवायचं काय? यावर लीलाबाईंनी मार्ग काढला. त्यांनी पाट मांडला, त्यावर नवं खणाचं कापड घातलं, आणि दोन्ही कार्डं शेजारी शेजारी ठेवून हळद-कुंकू वाहिलं. वर एकेक मोगऱ्याचं फूल. मॉनिटर जुन्या मशीनला जोडलेला होताच. टीव्हीखाली क्रोशाच्या रुमालामागे दाऊदभाईंचा सीडी प्लेअर लपवला आणि दाऊदभाईंना रिमोट देऊन शेजारच्या खुर्चीवर बसवलं. म्हणजे मॉनिटरवर मामाचं कार्ड, टीव्हीवर आत्याचं.

जेवणं झाली. जानराव मॉनिटरसमोर बसला, पुंजाराम टीव्हीसमोर, केशरबाई दोघांच्या मधे.

"कार्डं भायेर काहून हायेत?" जानरावनं विचारलं.

"आतमंधी लय गरमी होते," उत्तमराव म्हणाले. "भायेरूनच काम करतात."

"नवीन पद्धत हाय," नितेशनं जोड दिली.

पुंजारामांनी समजल्यासारखी मान हलवली. दाऊदभाईंनी घाईत रिमोट आधी दाबला, आणि साधनानं इकडे माऊस मागाहून. त्यामुळे टीव्ही सगळ्या फिल्मभर मॉनिटरच्या जरा पुढे धावत राहिला.

फिल्ममध्ये एक बैलगाडी होती. एक बैल तांबडा, एक पांढरा. तांबड्याला निंबाच्या सावलीत जायचं होतं, पांढऱ्याला नाल्यावर पाणी प्यायला. दोघंही ओढत होते आणि गाडी जागच्या जागी गिरक्या घेत होती. पुंजाराम हसले.

"काहून हासले?" जानरावनं विचारलं, आणि मग त्याच्या पडद्यावर तेच झालं तेव्हा तोही हसला. पुढच्या वेळी पुंजाराम पुन्हा आधी हसले. जानरावचं तोंड उतरलं. "जिजाजी, माह्यावालं कार्ड दमून राह्यलं का?"

"लहान पडदा हाय, म्हनून," उत्तमराव म्हणाले. लीलाबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते पुढे बोललेच नाहीत.

पण फिल्म गंमतीची होती. "तो तांबडा पाहा," पुंजाराम केशरबाईला हळूच म्हणाले, "थेट अकोल्याचा." जानराव लीलाबाईंच्या कानाशी लागला, "पांढरा पाह्य, चालही तशीच." दोघांनाही आपला बैल सोडून दुसरा नीट ओळखू येत होता. आणि गाडीवर बसला होता एक गाडीवान, दोन्ही कासरे हातात, पण एकही ओढत नव्हता. तांबडा इकडे ओढे, हा त्याला म्हणे, बरोबर. पांढरा तिकडे ओढे, हा त्यालाही म्हणे, बरोबर. भार कमी व्हावा म्हणून तो गाडीतलं एकेक पोतं खाली टाकत होता, आणि शेवटी त्यानं चाकच काढून पाहिलं.

आपली लबाडी पचली म्हणून उत्तमरावांच्या जिवात जीव आला होता. ते सैल झाले आणि जरा मोठ्यानंच बोलले, "बैलाईचं काई चुकत नाई. हा गाडीवान कोन हाय बयताड? एकाले तरी नाई म्हनाव ना त्यानं."

पडद्यावर गाडीवानानं चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, आणि साधनाच्या आवाजात म्हणाला, "होते बरोबर."

आधी टीव्हीवर म्हणाला, मग मॉनिटरवर. म्हणजे उत्तमरावांना ते दोनदा ऐकावं लागलं.

पहिल्यांदा केशरबाई हसली. मग लीलाबाई, पदर तोंडाशी धरून. आणि मग जानराव आणि पुंजाराम असे हसले की पुंजारामांनी आधारासाठी जानरावच्या खांद्यावर हात टाकला, आणि तो तिथंच राहिला. शेला कोणाच्या खांद्यावर आधी पडला याची त्या वेळी कोणालाच आठवण नव्हती. उत्तमरावांच्या हातात चष्मा होता. तो त्यांनी पुसायला कधी काढला, त्यांनाही कळलं नव्हतं. त्यांना फार लागलं. पोटच्या पोरीनं, आणि तेही पाहुण्यांदेखत. फिल्ममध्ये शेवटी गाडीवान थकून झोपी गेला आणि दोन्ही बैल आपले आपण गाडी घेऊन घरी आले, पण ते त्यांनी नीट पाहिलंच नाही.

निघताना जानरावनं त्यांना नळाशी गाठलं. "जिजाजी, माह्यावालं कार्ड जयलं ना?"

उत्तमरावांनी नळ बंद केला.

"आल्याबरोबर वास आला मले. दुकानात सारा दिस बसून दुसरं काय करतो, वासच घेतो. राहू द्या. पोरीनं नाव काढलं, मले पावलं. फक्त वरूडवाल्याईले नोको सांगजा. त्याईचं चालू राह्यलं आन माह्यंच जयलं, हे बरं नाई दिसत."

जीपजवळ पुंजारामांनी त्यांना बाजूला घेतलं. "उत्तमराव, चालत्या वस्तूले कोनी फूल वाहत नाई. आमच्यावालं गेलं, मी समजलो. पन जानरावले कळू देऊ नका."

उत्तमरावांनी दोघांनाही शब्द दिला आणि दोन्ही शब्द पाळले. सरकारी नोकरीत एवढी गोपनीयता अंगवळणी पडलेली असते.

सीडी सोमवारी वेळेत पोचली, आणि पुण्याहून काही दिवसांनी फोन आला. साधनाला मुलाखतीला बोलावलं होतं. ती फोन ठेवून बाहेर आली तेव्हा उत्तमराव ओसरीवर पेपर वाचत होते. त्यांनी तिच्याशी अजून पुरतं बोलणं सुरू केलेलं नव्हतं.

"बाबा, त्याईले फिल्म लय आवडली. बैल चांगलेच हायेत म्हने, पन गाडीवान फार खरा हाय. कुठून सुचला म्हनून विचारत होते."

"मंग काय सांगतलं तू?"

"सांगतलं, घरचाच हाय. त्याच्यानं कोनाचंच मन मोडवत नाई, म्हनून गाडी चालत नाई."

उत्तमरावांनी पेपर खाली ठेवला. त्यांच्या डोळ्यांत काहीतरी गेलं असावं. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याचं टोक हातात धरलं, मग पोरीकडे पाहून ते सोडून दिलं आणि खिशात रुमाल शोधू लागले.